खुर्ची रिकामी, पण विकलेली

हिवाळ्यात सकाळी सहाला इंदुरात पोह्यांच्या ठेल्यांवर वाफ दिसायला लागते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, साडेसातची, आणि तीच तिथले बास्केटबॉलचे सामने सुरू व्हायची वेळ. माझ्या भाच्याला हा योग फार मानवला आहे. रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये सरावाला जायच्या आधी तो ठेल्यावर थांबतो. एका हातात पोह्यांची प्लेट, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि जीरावन कोणत्या हाताने भुरभुरायचं हा रोजचा पेच.

परवा सरावाला सुट्टी होती, त्यामुळे जिलबी संपून चहा आला तरी आम्ही तिथेच होतो. सामन्याच्या चार भागांतलं तिसरं क्वार्टर सुरू झालं तसा त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मामा, हे बघ. सगळ्यात पुढच्या रांगा रिकाम्या. आणि तिकिटाचे भाव मी काल बघितले, तेवढ्यात आपण दोघं गोव्याला जाऊन येऊ."

त्याच्या बाबांचं क्लॉथ मार्केटात साड्यांचं दुकान आहे. त्यामुळे पुढचा प्रश्न ओघानेच आला. माल पडून असेल तर भाव उतरायला हवा ना? इथे माल पडलेला दिसतोय आणि भाव चढेच. हे कुठलं दुकान?

मी त्याला म्हटलं, माल केव्हाच खपलाय. पैसे चुकते झालेत. गिऱ्हाईक फक्त न्यायला आलेलं नाही.

हे वाक्य त्याला पटलं नाही, आणि तेवढ्यावर पटण्यासारखं ते नाहीही. म्हणून जरा सविस्तर.

आधी मोजणीचं बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. एनबीए म्हणजे तिथली बास्केटबॉलची मोठी व्यावसायिक लीग, तिच्यात ३० संघ. प्रत्येक संघ नियमित मोसमात ८२ सामने खेळतो, त्यातले ४१ आपल्या घरच्या मैदानात. सगळे मिळून १,२३० सामने. बहुतेक सभागृहांत १८ ते २० हजार माणसं बसतात. २०२३-२४ च्या मोसमात एनबीएने जाहीर केलेली प्रेक्षकसंख्या सव्वादोन कोटींच्या वर होती, आणि सभागृहं सरासरी ९८ टक्के भरली असं त्यांचं म्हणणं. विक्रमी आकडा. मग मोबाइलवर दिसतात त्या रिकाम्या रांगा कसल्या?

जाहीर होणारा आकडा माणसांचा नसतोच, तिकिटांचा असतो. किती तिकिटं विकली किंवा वाटली गेली, ते मोजतात. दारातून किती जण आत आले ही मोजणी वेगळी होते आणि ती सहसा बाहेर सांगितली जात नाही. यात लबाडी म्हणावी असं काही नाही. पण वाचणारा 'प्रेक्षक १८ हजार' हे शब्द वाचून डोकी डोळ्यांपुढे आणतो आणि सांगणारा तिकिटं सांगत असतो.

इंदूरच्या मराठी घरांना हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्याकडे सानंद न्यासाचे सभासद असतात. मुंबई-पुण्याचं नाटक इथे येतं आणि सभासदांच्या वेगवेगळ्या गटांसाठी त्याचे लागोपाठ प्रयोग होतात. वर्षाचे पैसे आधी भरलेले, जागा ठरलेली. आता एखाद्या रविवारी घरात पाहुणे आले, किंवा गुडघा दुखला, तर ती खुर्ची रिकामी राहते. हिशेबात मात्र ती भरलेलीच. आमच्या शेजारच्या काकू जायचं नसलं की पास मला देतात, आणि मीही जमलं नाही तर तो कपाटावर पडून राहतो. एका पासाने दोन घरं फिरावीत आणि खुर्चीवर कुणीच बसू नये, असं झालेलं आहे.

अमेरिकेत याला सीझन तिकीट म्हणतात. फरक एवढाच की वर्षाला पाच-सात नाटकांच्या जागी ४१ सामने असतात, वर मोसमापूर्वीचे सरावाचे एक-दोन सामनेही गळ्यात मारलेले. आठवड्यातल्या मंगळवारी, थंडीत, मुलांची दुसऱ्या दिवशी शाळा असताना, तळाच्या संघाविरुद्धचा सामना. नोकरी करणारा कुठला माणूस ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ४१ संध्याकाळी मोकळा असतो? त्यामुळे सीझन तिकीटवाला पहिल्या दिवशीच ठरवून टाकतो की दहा-पंधरा सामने आपण बघायचे आणि बाकीचे विकायचे. स्टेफ करीसारखा मोठा खेळाडू गावात येणार असेल त्या दिवसाचं तिकीट दुपटीने जातं. मंगळवारचं कुणी घेत नाही. तो ते तसंच सोडून देतो, कारण त्याचे पैसे करीच्या दिवशी निघालेले असतात.

पूर्वी ही फेरविक्री सभागृहाबाहेर कुजबुजत व्हायची, आपल्याकडे थिएटरबाहेर चालायची तशी. २००० साली स्टबहब नावाचं संकेतस्थळ निघालं आणि तो व्यवहार उजळ माथ्याने संगणकावर आला. २००७ मध्ये ईबेने ते ३१ कोटी डॉलरला विकत घेतलं, यावरून त्यात पैसा किती होता ते कळतं. मग संघांनाही वाटू लागलं की आपलंच तिकीट दुसरा दुपटीने विकतो तर ती वरची मलई आपण का सोडायची? त्यांनी प्रत्येक सामन्याचा भाव वेगळा लावायला सुरुवात केली. प्रतिस्पर्धी कोण, वार कोणता, मागणी किती, त्याप्रमाणे भाव रोज बदलतो, विमानाच्या तिकिटासारखा. यावर फेरविक्रीची फी, सोयीची फी, आणखी कसली तरी फी. खिडकीत ५० डॉलर दिसायचे आणि पैसे भरताना ७० व्हायचे. अमेरिकी सरकारने शेवटी नियम केला आणि १२ मे २०२५ पासून सगळी फी धरूनचा भाव सुरुवातीलाच दाखवणं सक्तीचं झालं. भाव त्याने उतरला नाही, पण धक्का आधीच बसू लागला, एवढं तरी झालं.

आता भाच्याचा खरा प्रश्न. तिकीट पडून असेल तर शेवटच्या तासात ते पाच डॉलरला का फुंकून टाकत नाहीत? रिकाम्या खुर्चीचे शून्य येतात, त्यापेक्षा पाच बरे.

याचं उत्तर त्याच्या बाबांनीच दिलं असतं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदाराने साड्या अर्ध्या किमतीत काढल्या तर पहिल्या वर्षी झुंबड उडेल. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला दुकानात चिटपाखरू फिरकणार नाही. सगळ्या वहिनी लक्ष्मीपूजनाची वाट बघत बसतील. आणि ज्या वहिनींनी आधी पूर्ण पैसे देऊन साडी घेतली, त्या पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. बास्केटबॉल संघांचं नेमकं हेच दुखणं. त्यांचा खात्रीचा पैसा सीझन तिकीटवाल्यांकडून येतो, तोही मोसम सुरू व्हायच्या आधी. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पाच डॉलरमध्ये आलाय हे त्यांना कळलं तर पुढच्या वर्षी ते पैसे भरणार नाहीत. म्हणून दहा खुर्च्या रिकाम्या ठेवणं परवडतं, हजारांचा भाव पाडणं परवडत नाही.

पण एवढ्याने पुढच्या रांगांचं कोडं सुटत नाही. वरच्या, स्वस्तातल्या रांगा भरलेल्या आणि कोर्टाला लागून असलेल्या महागड्या रिकाम्या, असं का? उलट व्हायला हवं ना?

त्या पुढच्या जागा मोठ्या प्रमाणावर माणसं घेत नाहीत, कंपन्या घेतात. बँक, वकिलांची फर्म, गाड्यांचा वितरक. गिऱ्हाइकाला खूष करायला, साहेबाच्या मेहुण्याला द्यायला. २०१७ च्या अमेरिकी करकायद्यापर्यंत अशा तिकिटांचा अर्धा खर्च करातून वजा मिळायचा. २०१८ पासून ती सवलत गेली, कंपन्यांनी जागा मात्र सोडल्या नाहीत. दुसऱ्याच्या पैशाने आलेल्या तिकिटाची माया किती असणार? लग्नाच्या आहेरात आलेल्या स्टीलच्या डब्याइतकी. आला पाहुणा तर आला.

आणि आला तरी तो खुर्चीवर बसतोच असं नाही. या जागांबरोबर मागच्या बाजूला एक वेगळं दालन मिळतं. सोफे, जेवण, दारू, मोठे पडदे. मध्यंतरात लोक तिथे जातात आणि तिसरं क्वार्टर अर्धं होईपर्यंत परतत नाहीत. आपण मोबाइलवर नेमकं तेव्हाच बघत होतो. टीव्हीचा मुख्य कॅमेरा कोर्टाच्या एका बाजूला उंचावर असतो आणि त्याला समोरच्या खालच्या रांगाच दिसतात. म्हणजे सभागृहातल्या सगळ्यात महाग, सगळ्यात बेफिकीर जागा आपल्याला सगळ्यात जास्त दिसतात.

डेट्रॉईटची गोष्ट यात भारी आहे. तिथलं लिटल सीझर्स अरीना २०१७ मध्ये उघडलं. खुर्च्या लालभडक, संघाच्या रंगाच्या. झालं असं की सामना सुरू झाला की टीव्हीवर खेळाडूंच्या मागे लालच लाल दिसायचं, कारण माणसं एकतर आलेली नसायची किंवा दालनात बसलेली असायची. लोक हसायला लागले. मालकांनी भाव कमी केला का? त्यांनी खुर्च्या काळ्या केल्या. अंधारात काळी खुर्ची रिकामी आहे की भरलेली, कोण बघतो. मला यात राग येण्यापेक्षा गंमत वाटते. आपल्याकडेही पाहुणे येणार म्हटलं की भिंतीची ओल काढायच्या ऐवजी तिच्यावर कॅलेंडर लावतात.

याच डेट्रॉईटचा संघ एके काळी फुटबॉलच्या प्रचंड बंदिस्त स्टेडियममध्ये खेळायचा. २९ जानेवारी १९८८ ला बोस्टनविरुद्ध तिथे ६१,९८३ माणसं आली होती. आज नवीन सभागृहं लहान होत चालली आहेत. गोल्डन स्टेट वॉरियर्सचं ओकलंडमधलं जुनं सभागृह १९,५९६ जागांचं होतं. २०१९ मध्ये ते खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत गेले, तिथे १८,०६४ जागा. दीड हजार खुर्च्या गेल्या, आणि नव्या इमारतीत पैसा आलिशान कक्षांवर गेला. जागा कमी करून उत्पन्न वाढवायचं हे गणित आता सगळीकडे आहे.

मग संघाला गर्दीची पर्वाच नाही का? इथे मोठा पैसा कुठून येतो ते बघावं लागतं.

एनबीएने २०२४ मध्ये डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉन यांच्याशी प्रक्षेपणाचा करार केला. ११ वर्षं, सुमारे ७,७०० कोटी डॉलर, २०२५-२६ च्या मोसमापासून. त्याआधीचा करार नऊ वर्षांचा होता, २,४०० कोटींचा. नव्या कराराची वर्षाची सरासरी ७०० कोटी. ३० संघांत ढोबळ वाटणी केली तर दर संघाला साधारण २३ कोटी डॉलर, एकही तिकीट विकण्याआधी. आता तिकिटांचं बघू. ४१ सामने गुणिले १८ हजार, म्हणजे ७ लाख ३८ हजार खुर्च्या. सोयीसाठी एका खुर्चीचे सरासरी १०० डॉलर धरले तर सगळ्या विकून ७ कोटी ३८ लाख. हा १०० चा आकडा मी धरलाय, कुठे वाचलेला नाही. बड्या शहरांत तो खूप जास्त असेल, छोट्या गावांत कमी. तरी प्रमाण लक्षात येतं. त्यातल्या शे-दोनशे खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून कुणाची झोप उडत नाही. झोप उडते ती टीव्हीवर त्या रिकाम्या दिसल्या की, कारण २३ कोटी देणाऱ्याला असं वाटायला नको की हा खेळ कुणी बघत नाही. काळ्या खुर्च्यांचा खर्च तिथून येतो.

आता एक जुना गैरसमज. खेळाडूंना अफाट पैसे द्यावे लागतात म्हणून तिकीट महाग, असं आपण सगळेच म्हणतो. २०२५-२६ मध्ये एका संघाची पगाराची ठरवून दिलेली पातळी १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण गाडी उलटी चालते. रात्री सराफ्यात सोन्या-चांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्या पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. तिथली जागा महाग आहे म्हणून भुट्ट्याचा कीस खपतो का? कीस खपतो म्हणून जागेला किंमत आहे. जागेचं भाडं उद्या माफ झालं तरी गर्दी तेवढीच असेल तर ठेलेवाला भाव उतरवणार नाही, फरक खिशात टाकेल. एनबीएत तर हे करारात लिहिलेलंच आहे. बास्केटबॉलच्या उत्पन्नातला साधारण अर्धा वाटा खेळाडूंचा. उत्पन्न आधी, पगार मागून. तिकिटाचा भाव ठरतो तो 'कोण किती द्यायला तयार आहे' यावर, आणि देणारा जर कंपनी असेल तर त्याच्या खिशाला तळच नाही.

हेच मालकीच्या किमतीतही दिसतं. १९७९ मध्ये जेरी बस यांनी लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ घेतला तेव्हा त्याच सौद्यात एक हॉकी संघ, सभागृह आणि जमीन मिळून ६ कोटी ७५ लाख डॉलर पडले. २०२५ मध्ये लेकर्सचा बहुतांश हिस्सा पुन्हा विकायचं ठरलं, तेव्हा एकट्या संघाची किंमत सुमारे १,००० कोटी धरली गेली. एवढे पैसे घालणारा माणूस शंभर डॉलरची खुर्ची पन्नासला देईल ही आशा सोडून द्या.

एवढं देऊन मिळतं काय? इथे प्रेक्षकाची तक्रार मला पूर्ण पटते. ८२ सामने म्हणजे शरीराची वाट लागते, म्हणून मोठे खेळाडू मधूनमधून बसवले जातात. सहा महिने आधी चौघांचं तिकीट काढावं, मुलाला त्याच्या आवडत्या खेळाडूची बनियन घालून न्यावं, आणि तो खेळाडू कोट-पँट घालून बाकावर बसलेला बघावा. नाटकाला गेल्यावर 'आज मुख्य भूमिका अमुक करणार नाहीत' अशी घोषणा झाली की सभागृहात जो सुस्कारा उठतो, तो. आपल्याकडे निदान कधी कधी पैसे परत देतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकनसह चार मुख्य खेळाडूंना सरळ घरी पाठवून दिलं. एनबीएने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. पुढे मायामीतल्या एका वकिलाने संघावर खटलाही भरला, की आम्हाला पूर्ण किंमत घेऊन कमअस्सल माल दिला. २०२३ पासून नियम कडक झाले. मोसमातले निदान ६५ सामने खेळल्याशिवाय मोठी बक्षिसं मिळत नाहीत. तरी मोसमाच्या शेवटी तळाचे संघ हरण्यातच शहाणपण मानतात, कारण खालच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त. मार्चमधल्या अशा सामन्याला पदरचे पैसे घालून कोण जाईल?

याचा अर्थ लोकांना बास्केटबॉल बघायचं नाही असा काढू नये. १३ जानेवारी २०२३ ला याच सॅन अँटोनियोत ६८,३२३ माणसं एका सामन्याला आली. एनबीएच्या नियमित मोसमातला हा विक्रम. स्पर्स त्या वर्षी अगदी तळाला होते, ८२ पैकी २२ सामने जिंकले. त्या दिवशीही ३१ गुणांनी हरले. पण संघाचं पन्नासावं वर्ष होतं, सामना त्यांनी आपल्या जुन्या अवाढव्य अलामोडोममध्ये ठेवला, आणि समोर वॉरियर्स. गाव लोटलं. जागा भरपूर आणि निमित्त एकदाच येणारं, अशी गाठ पडली की हरणारा संघसुद्धा चालतो.

महिलांच्या डब्ल्यूएनबीएत तर डोळ्यांदेखत झालं. इंडियाना फीव्हरच्या घरच्या सामन्यांना २०२३ मध्ये सरासरी चार हजार लोक यायचे. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क ही नवी खेळाडू संघात आली आणि सरासरी १७ हजारांवर गेली. सभागृह तेच, खुर्च्या त्याच. ती जिथे खेळायला जाणार तिथले संघ मोठं सभागृह भाड्याने घेऊ लागले. वॉशिंग्टनचा संघ ४,२०० जागांच्या घरातून मोठ्या अरीनात गेला, तर १९ सप्टेंबरला २०,७११ जण आले. भाव तर वाढलेच होते. म्हणजे महाग तिकिटाने माणूस थांबतो हेही अर्धसत्यच.

काही मालकांना मात्र रिकामी खुर्ची खुपते, हेही सांगायला हवं. लॉस एंजेलिस क्लिपर्सचे स्टीव्ह बामर यांनी २०२४ मध्ये दोनशे कोटी डॉलर खर्चून नवं सभागृह उघडलं. त्यात बास्केटच्या मागे ५१ रांगांची एक सलग भिंतच उभी केली, फक्त संघाच्या पाठीराख्यांसाठी, मधे कुठेही आलिशान कक्ष नाही. आणि शौचालयं हजारावर बांधली. रांगेत उभा राहून माणूस तिसरं क्वार्टर चुकवतो, म्हणून. बामर मुलाखतीत संडासांविषयी इतकं बोलतात की ऐकणाऱ्याने लाजावं, पण रोग त्यांना बरोबर सापडला आहे. फिनिक्सच्या संघाने त्याच वर्षी डिसेंबरात हॉटडॉग, पाणी वगैरे दोन डॉलरला करून टाकलं. चौघांच्या कुटुंबाला तिकिटाइतकाच फटका खाण्या-पिण्यात आणि पार्किंगमध्ये बसतो, हे कुणाच्या तरी लक्षात आलं.

भाच्याने इथे मला अडवलं. "मग आपल्याकडे? आपल्याकडे तर तिकीटच नाही. तरी कोण येतं?"

हा घाव वर्मी होता. कॉम्प्लेक्सवर सामना असला की पायऱ्यांवर खेळाडूंचे आईबाप, हरलेल्या संघातली पोरं आणि आमच्यासारखे चार जुने खोड. फुकट असूनही. म्हणजे भाव शून्यावर आणला की सभागृह भरतं, हा समज इथे, आपल्या गावातच, मोडतो.

भारतात बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगचे प्रयत्न झाले. यूबीए नावाची लीग २०१५ ते २०१७ चालली आणि थांबली. बास्केटबॉल महासंघाची आयएनबीएल ऑक्टोबर २०२२ मध्ये कोचीत सुरू झाली, सहा शहरांच्या नावाचे संघ घेऊन. पण सगळे संघ एकाच शहरात जमायचे, तिथे फेरी व्हायची, मग सगळा तांडा पुढच्या शहरात. खर्च वाचायचा हे खरं. मात्र चंडीगढचा संघ कोचीत दिल्लीशी खेळायचा तेव्हा कोचीच्या माणसाने कुणासाठी ओरडायचं? सीझन तिकीट तर सोडाच, 'आपला संघ' म्हणायलाच जागा नव्हती.

यावर भाचा म्हणाला की आयपीएलमध्ये पंजाबचा संघ २०१७ आणि २०१८ मध्ये होळकर स्टेडियमला 'घर' म्हणून खेळला, तेव्हा इंदूरवाले पंजाबसाठी ओरडलेच ना? बरोबर आहे. माझाच मुद्दा त्याने माझ्यावर उलटवला. मला वाटतं तिथे दोन गोष्टी होत्या. क्रिकेटचे खेळाडू आधीच घरोघरी ओळखीचे, आणि सामने वर्षाला तीन-चारच. ४१ नव्हेत. पंजाबच्या संघाने इंदुरात मंगळवारी-बुधवारी धरून ४१ सामने खेळावेत, मग बघू रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीसारखी गर्दी कितीदा होते ते. कराचं म्हणाल तर गंमतच आहे. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीमुक्त, त्याहून महाग असेल तर १८ टक्के, आणि आयपीएलला २२ सप्टेंबर २०२५ पासून थेट ४०. बास्केटबॉलला सरकारने बरीच सूट दिली आहे. घेणारा तेवढा हवा.

एकदा मात्र घेणाऱ्याची गरजच पडली नाही. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सामने झाले, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे मुख्य मालक विवेक रणदिवे, मुंबईत वाढलेले. पहिल्या दिवसाची तिकिटं विकलीच नव्हती. शाळांमधून बास्केटबॉल खेळणाऱ्या तीनेक हजार मुलांना बोलावून बसवलं होतं. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. दर बास्केटला जो चित्कार उठायचा तो टीव्हीवरही कानाला लागत होता. त्या पोरांना मागे दालन नव्हतं, मध्यंतरात सोफा नव्हता, आणि चेंडू हातात घेऊन तो टाकायला काय लागतं ते प्रत्येकाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिकीटवाले प्रेक्षक आले.

भाचा तेव्हा लहान होता. ही गोष्ट त्याने दोनदा विचारून घेतली. मुलं कोणत्या शाळेची होती, खाली उतरून हात मिळवता आला का, वगैरे. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तोवर मोबाइलवर चौथं क्वार्टर सुरू झालं होतं आणि पुढच्या रांगांत माणसं परतत होती, हातात ग्लास घेऊन, पाठ कोर्टाकडे करून एकमेकांशी बोलत.

त्याने प्लेट टोपलीत टाकली, हात पुसले आणि सायकलची किल्ली शोधत म्हणाला, "मामा, संध्याकाळी पाचला आमची मॅच आहे. तुला आलेल्यांत मोजू, की वाटलेल्या पासांत?"